'आम्ही'च्या गावात 'आपण'

बूनव्हिल गावात एके काळी सार्वजनिक टेलिफोनला 'बकी वॉल्टर' म्हणत. बकी म्हणजे फोनसाठी लागणारं पाच सेंटांचं नाणं आणि वॉल्टर म्हणजे गावात ज्याच्याकडे पहिल्यांदा फोन आला तो माणूस. कॉफीचा कप म्हणजे 'हॉर्न ऑफ झीज', कारण झेड. सी. अशा आद्याक्षरांचा कुणी एक आचारी तळावर फार कडक कॉफी उकळायचा. चांगलं ते 'बाल', बोलणं म्हणजे 'हार्प', आणि वाइन म्हणजे 'फ्राटी', तिथल्याच एका द्राक्षबागायतदाराच्या आडनावावरून. शहरातून आलेला माणूस 'ब्राइट लाइटर', म्हणजे झगझगीत दिव्यांच्या दुनियेतला. या बोलीचं नाव बूंटलिंग.

कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो काउंटीत, सॅन फ्रान्सिस्कोपासून उत्तरेला सुमारे 180 किलोमीटरवर अँडरसन खोरं आहे आणि त्यात जेमतेम हजार वस्तीचं हे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इथं मेंढ्या होत्या, सफरचंदाच्या बागा होत्या, बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सचे मळे होते आणि रेडवूडची झाडं तोडणाऱ्या टोळ्या होत्या. बोली कशी जन्मली याच्या दोन-तीन कथा आहेत. एक अशी, की दिवस गेलेली एक अविवाहित मुलगी बाहेरून या खोऱ्यात आली आणि हॉप्सच्या मळ्यातल्या बायकांनी तिच्यादेखत तिच्याबद्दल बोलता यावं म्हणून शब्द घडवले. दुसरी कथा पोरांनी मोठ्यांपासून लपवण्याची. कोणतीही खरी माना, हेतू एकच निघतो: समोर उभ्या माणसाला कळू नये. चार्ल्स अ‍ॅडम्स या अभ्यासकानं 1971 साली या बोलीवर पुस्तक प्रसिद्ध केलं, तेव्हा हजाराहून अधिक शब्द जमले होते. आपल्याकडेही भटक्या जमातींच्या पारुषी बोली आहेत, पण त्यांच्यामागे पोलिसांची आणि गावकुसाची भीती होती. बूनव्हिलला कुणी छळत नव्हतं. त्यांना फक्त आपलं कुंपण हवं होतं.

या गावात 2006 पासून 2019 पर्यंत दर जूनमध्ये, अयनदिनाच्या आगेमागे, तीन दिवस सिएरा नेवाडा वर्ल्ड म्युझिक फेस्टिव्हल भरत होता. नावात 'वर्ल्ड' असलं तरी त्याचा जीव रेगेत होता, त्यातही 'रूट्स' म्हणतात त्या जुन्या, भक्तिभावाच्या रेगेत. नाव सिएरा नेवाडाचं आणि गाव मात्र पार दुसऱ्या, किनाऱ्याकडच्या डोंगररांगेत, याचं कारण साधं आहे. 1994 साली सुरू झालेला हा उत्सव आधी पूर्वेकडे होता, बूनव्हिलला येण्यापूर्वी सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी असलेल्या एंजल्स कॅम्प या गावी भरायचा. जागा बदलली, नाव राहिलं.

बूनव्हिलमधली जागा म्हणजे काउंटीच्या जत्रेचं मैदान. हमरस्ता क्रमांक 128 हाच गावाचा मुख्य रस्ता आणि त्याला लागूनच मैदानाचं फाटक. सप्टेंबरात तिथं सफरचंदांचं प्रदर्शन भरतं, मेंढपाळ कुत्र्यांच्या स्पर्धा लागतात, घोडेस्वारांचे खेळ होतात. जूनमध्ये त्याच हिरवळीवर दोन रंगमंच उभे राहत, एका सभागृहात रात्री उशिरापर्यंत तबकड्या वाजत, आणि गावाच्या कितीतरी पट माणसं तंबू ठोकून राहत. थोडक्यात, ज्यांना कळू नये म्हणून भाषा केली तेच ब्राइट लाइटर गावाच्या मधोमध मुक्कामाला.

आता फ्राटीकडे वळायला हवं, कारण खोऱ्याचं आजचं पोट तिच्यावर चालतं. इथल्या डोंगरमाथ्यावर इटालियन कुटुंबांनी फार पूर्वी झिनफँडेल जातीचं द्राक्ष लावलं होतं, पण तळातल्या सपाटीवर द्राक्षाचा जम बसला तो 1960 नंतर. 1964 साली एडमीड्स यांची लागवड, 1971 मध्ये हुश वायनरी, 1982 मध्ये शँपेनमधल्या रोडरर घराण्यानं इथं जमीन घेतली, आणि 1983 साली अँडरसन व्हॅली हा स्वतंत्र द्राक्षप्रदेश म्हणून सरकारदरबारी नोंदला गेला. फ्रेंच मंडळी इतक्या आडवळणाला आली ती थंडीसाठी. नॅव्हारो नदी ज्या फटीतून समुद्राला मिळते, त्याच वाटेनं पॅसिफिकचं धुकं रात्री खोऱ्यात शिरतं. दिवसा ऊन, रात्री स्वेटर. द्राक्षात साखर सावकाश चढते आणि आंबटपणा टिकून राहतो. पिनो न्वार जातीच्या द्राक्षाला आणि फसफसत्या वाइनला हेच लागतं.

या हवेचं दुसरं एक काम मला फार मोलाचं वाटतं. रात्री खोऱ्याच्या तळाशी थंड हवा साचते आणि तिच्या वर ऊबदार हवेचा थर राहतो. अशा वेळी वर निघालेला आवाज त्या थरातून वाकून पुन्हा जमिनीकडे येतो आणि एरवीपेक्षा लांब जातो. त्यात रेगेचा सगळा भार बेसवर. या संगीताच्या 'वन ड्रॉप' चालीत मापाची पहिली मात्रा मुद्दाम रिकामी सोडतात आणि ड्रमचा घाव तिसऱ्या मात्रेवर पडतो. आपला कान समेवर आघात शोधतो, इथं समेलाच मोकळी जागा असते. गिटार ठोक्यांच्या मधल्या फटीत छाटल्यासारखी वाजते आणि उरलेली सगळी पोकळी बेस भरून काढतो. खर्जातले स्वर भिंतीला आणि झाडांना फारसे जुमानत नाहीत. म्हणजे जी थंड हवा पिनो न्वार पिकवते, तीच जमैकातल्या किंग्स्टनचा बेस पार मळ्यांपर्यंत पोचवते.

पण जमैकाचं संगीत या डोंगरांत रुजलं कसं? 1973 साली वेलर्स हा जमैकन गट अमेरिकेत स्लाय अँड द फॅमिली स्टोन यांच्या दौऱ्यात आधी वाजवायला होता. चार कार्यक्रमांनंतर त्यांना दौऱ्यातून काढलं आणि ते लास व्हेगासला अडकून पडले. तिथून ते सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि 31 ऑक्टोबरला सॉसालिटोच्या रेकॉर्ड प्लँट स्टुडिओत केसॅन या रेडिओ केंद्रासाठी वाजवून गेले. बॉब मार्ली आणि पीटर टॉश दोघेही त्यात होते. त्याच काळात शहर सोडून शेतावर राहायला निघालेली तरुण मंडळी उत्तरेला मेंडोसिनो आणि हंबोल्ट काउंटीत येत होती. लाकूडतोड्यांनी उजाड केलेली जमीन तिथं स्वस्त होती. या मंडळींनी भाजीपाला लावला, घरं बांधली, आणि डोंगराच्या आडोशाला गांजाही लावला. 1983 पासून सरकारी मोहिमेची हेलिकॉप्टरं ती रोपं उपटण्यासाठी डोंगरांवर घिरट्या घालू लागली. त्याच्या पुढच्याच वर्षी हंबोल्टमध्ये, जळालेलं समाजगृह पुन्हा उभारण्यासाठी, रेगे ऑन द रिव्हर हा उत्सव सुरू झाला. रास्ताफारी, म्हणजे रेगेला भक्तिभाव देणाऱ्या जमैकन पंथाचे लोक, जुलमी सत्तेला 'बॅबिलॉन' म्हणतात. डोक्यावर हेलिकॉप्टर घोंघावत असताना तो शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. अर्थात स्वेच्छेनं शेतावर आलेल्या गोऱ्या मुलांचं दुःख आणि गुलामांच्या नातवंडांचं दुःख एका मापाचं नव्हे. उत्सवाच्या हिरवळीवरही ते अंतर होतंच.

'गांजा' हा शब्द मी सहज वापरला, पण तो इथं पोचला तो आपल्याच माणसांच्या तोंडून. 1845 च्या मे महिन्यात 'ब्लंडेल हंटर' हे जहाज हिंदुस्थानी मजुरांना घेऊन जमैकाच्या ओल्ड हार्बरला लागलं. गुलामी कायद्यानं संपली होती आणि ऊसमळ्यांना हात हवे होते. 1917 पर्यंत छत्तीस हजारांवर माणसं करारावर तिथं गेली, बहुतेक उत्तर हिंदुस्थानातली. त्यांच्या गाठोड्यातून गांजा गेला, चिलीम गेली, आणि हे दोन्ही शब्द जमैकात आजही तसेच आहेत. रास्ताफारी पंथाचा आद्य प्रचारक लेनर्ड हॉवेल यानं आपली पुस्तिका स्वतःच्या नावानं न छापता 'जी. जी. माराघ' या नावानं छापली. गंगुनगुरू माराघ असं ते पूर्ण नाव. अभ्यासक त्यात ज्ञान, गुण, गुरू आणि महाराज असे शब्द वाचतात. ऊसमळ्यात शेजारी राबणाऱ्याच्या भाषेतून एक काळा माणूस स्वतःसाठी 'महाराज' हा शब्द उचलतो, याइतकं या सगळ्या संशोधनात मला दुसऱ्या कशानंही हलवलं नाही.

रास्ताफारींनीही भाषा घडवली आहे. व्हेल्मा पोलार्ड या जमैकन विदुषीनं तिला 'ड्रेड टॉक' म्हटलं. मालकानं दिलेली इंग्रजी ते कानानं तपासतात. 'ऑप्रेस' या शब्दात 'अप' ऐकू येतं, पण दडपलेला माणूस तर खाली जातो, म्हणून शब्द झाला 'डाउनप्रेस'. 'अंडरस्टँड'मध्ये माणूस खाली उभा राहतो, म्हणून 'ओव्हरस्टँड'. आणि सर्वांत मोठा बदल सर्वनामात. मी, तू, आम्ही यांच्या जागी 'आय अँड आय'. मी आणि मी, कारण समोरच्यातही तोच देव आहे.

इंग्रजीला हा शब्द नव्यानं जोडून घ्यावा लागला. मराठीत तो आधीपासून आहे. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. बूंटलिंग ही 'आम्ही'ची भाषा होती. रस्ता चांगला झाला, रेडिओ आला, पोरं बाहेर शिकायला गेली आणि लपवण्यासारखं काही उरलं नाही, तशी ती विझत गेली. आज ती बोलणारी मोजकी म्हातारी माणसं आहेत. 1987 साली गावात निघालेल्या बिअरच्या कारखान्यानं तिचे शब्द बाटल्यांवर छापले, आणि ज्या शब्दांनी ब्राइट लाइटरला बाहेर ठेवलं तेच आता त्याला माल विकतात. रास्तांची भाषाही सुरुवातीला पोलिसांपासून लपण्याच्या कामी आलीच असेल. पण तिला गाण्यातून सांगायचं होतं, आणि सांगायचं असेल तर ऐकणारा आत घ्यावा लागतो. म्हणून ती जपानात पोचली, आफ्रिकेत परतली. 2018 साली युनेस्कोनं जमैकाच्या रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं.

मळा आणि संगीत यांची अशी जोडी आपल्याकडेही आहे. नाशिकला सुला वाइन्स उभी करणारे राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकलेले, आणि त्यांना वाइन करायला मदत करणारे केरी डॅम्स्की हे मेंडोसिनोच्या शेजारच्या सोनोमाचे. पुढे 2008 पासून नाशिकलाही मळ्यात संगीतोत्सव भरू लागला. रेगेला वाहिलेला मोठा उत्सव मात्र गोव्यात आहे, 2016 पासूनचा गोवा सनस्प्लॅश. नाशिकचा उत्सव फेब्रुवारीत, ऐन काढणीच्या दिवसांत येतो. बूनव्हिलला जूनमध्ये वेलींवर नुकती फळधारणा होत असते. अशाच दिवसांत, 2008 च्या जूनमध्ये अयनदिनाच्या सुमारास कोरड्या विजा पडून काउंटीभर वणवे लागले आणि कित्येक आठवडे खोऱ्यात धूर कोंडला. त्या वर्षीच्या कितीतरी पिनो न्वारमध्ये धुराची चव उतरली. धुक्याला आत घेणारं खोरं धुरालाही बाहेर जाऊ देत नव्हतं.

2020 साली साथ आली आणि जूनमध्ये मैदान रिकामं राहिलं. मळ्यातली कामं मात्र थांबली नाहीत. जूनमध्ये वेलीचे नवे फुटवे तारांत अडकवायचे असतात, घोसांभोवतीची पानं काढून हवा खेळती करायची असते. हे काम बहुतांशी मेक्सिकोतून आलेली कुटुंबं करतात. खोऱ्याच्या शाळेत आज त्यांचीच मुलं जास्त आहेत. वाइनला फ्राटी म्हणणारे आता बोटांवर मोजण्याइतके. मळ्यातले लोक तिला 'व्हीनो' म्हणतात.