न ऐकलेले शब्द बोलायचे कसे?

तुमच्या शेजारी दीड वर्षाचे एक मूल आहे अशी कल्पना करा. ते हसते, खेळते, आईला ओळखते. पण अजून एकही शब्द बोलत नाही. अशा वेळी घरातली मंडळी काय म्हणतात? आजी म्हणते, "याचा बापसुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता." मग कोणीतरी स्वयंपाकघरातून थाळी आणते आणि मुलाच्या पाठीमागे उभे राहून वाजवते. मूल वळून पाहते. "बघा, ऐकू येते की!" असे म्हणून सारे निश्चिंत होतात.

मित्रांनो, ही परीक्षा फसवी आहे. थाळीचा दणका मोठा असतो. शिवाय मूल सावली हलल्यामुळे, समोर बसलेल्या आईची नजर वळल्यामुळे किंवा जमिनीतून आलेल्या हादऱ्यामुळेही मागे पाहू शकते. थाळी ऐकू येणे वेगळे आणि बोललेला शब्द स्पष्ट ऐकू येणे वेगळे. हा फरक समजण्यासाठी आपल्याला कानाच्या अगदी आतल्या भागात जावे लागेल.

शंखातील केशपेशी

ध्वनीच्या लहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागील हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे ती कंपने पुढे पोचवतात. येथपर्यंतचा भाग बाह्यकर्ण आणि मध्यकर्ण. त्यापुढे आंतरकर्ण लागतो. त्यात गोगलगाईच्या शंखासारखी सुमारे अडीच वेटोळ्यांची, द्रवाने भरलेली एक नळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात. ती उलगडली तर तिची लांबी जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल.

या नळीतील एका पातळ पडद्यावर सुमारे १५ हजार केशपेशी रांगेने बसलेल्या असतात. द्रव हलला की त्यांच्या टोकावरील सूक्ष्म केस वाकतात. त्यातून निर्माण झालेले विद्युत्‌संदेश श्रवणमज्जातंतूमार्फत मेंदूकडे जातात. यात एक सुंदर व्यवस्था आहे. नळीच्या तोंडाजवळील पेशी उच्च स्वराला, तर टोकाकडील पेशी खालच्या स्वराला प्रतिसाद देतात. जणू हार्मोनियमच्या पट्ट्याच ओळीने मांडल्या आहेत! ध्वनीची लाट या पडद्यावरून कशी धावते हे दाखवून देणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या केशपेशी जन्मापूर्वीच तयार होतात. त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानातील मळ काढता येतो आणि फाटलेला पडदा शिवता येतो. परंतु मेलेली केशपेशी जिवंत करणारे औषध आजही उपलब्ध नाही.

हे नुकसान होते कशामुळे? जन्मजात बहिरेपणाची सुमारे निम्मी कारणे आनुवंशिक असतात. आईवडील दोघांनाही उत्तम ऐकू येत असते, पण दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक अप्रभावी प्रत असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. म्हणूनच बहुतेक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. गरोदरपणात आईला झालेला रुबेला, अपुऱ्या दिवसांचा जन्म, तीव्र कावीळ, मेंदूच्या आवरणाचा दाह आणि काही प्रतिजैविके हीही कारणे आहेत. ग्रहणात आईने काही चिरले म्हणून मूल बहिरे झाले, या समजुतीला मात्र कसलाही आधार नाही.

"मोठ्याने बोला" का पुरत नाही?

पुष्कळांना वाटते की बहिरेपणा म्हणजे रेडिओचा आवाज कमी करण्यासारखे काहीतरी असावे. आंतरकर्णातील दोष तसा नसतो. त्यात बहुधा उच्च स्वरांच्या पेशी अधिक बिघडलेल्या असतात. आपल्या बोलण्यातील आ, ऊ, ओ हे स्वर जोरकस आणि खालच्या पट्टीतले असतात. स, श, फ, थ ही व्यंजने मात्र क्षीण आणि उच्च कंपनांची असतात. त्यामुळे अशा मुलाला 'साप' म्हटले तर केवळ 'आ' ऐकू येईल. कोणीतरी बोलले हे त्याला कळते, पण काय बोलले ते कळत नाही. ओरडून बोलल्यास स्वर अधिक मोठे होतात. व्यंजने फारशी उमटत नाहीत.

मग ओठ पाहून समजणार नाही का? आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता 'बाबा', 'पापा', 'मामा' हे शब्द म्हणा. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतात! 'क' आणि 'ग' तर घशाजवळ तयार होतात. ते ओठांवर दिसतच नाहीत. ओष्ठवाचनाची मदत होते, पण आधी भाषा येत असेल तरच गाळलेल्या जागा भरता येतात. लहान मुलाला तर भाषाच शिकायची असते.

मेंदू थांबून राहत नाही

अर्भकाचा मेंदू पहिल्या काही वर्षांत भाषेसाठी आपली जोडणी करतो. कानाकडून संदेशच आले नाहीत, तर ती जागा दुसऱ्या कामांना जाऊ लागते. म्हणून येथे प्रश्न महिन्यांचा असतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात झालेले एक संशोधन १९९८ साली प्रसिद्ध झाले. ज्या बाळांचा दोष सहा महिन्यांच्या आत ओळखून मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा ओळखलेल्या मुलांहून पुष्कळच चांगली आढळली. यावरून डॉक्टर आज एक सोपा नियम सांगतात: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना.

एवढ्या लहान बाळाची परीक्षा घ्यायची कशी? येथे निसर्गाचाच एक चमत्कार कामी येतो. निरोगी कान आवाज ऐकतो, तसाच तो स्वतः अतिशय मंद आवाज बाहेरही टाकतो! १९७८ साली लंडन येथे डेव्हिड केंप यांनी हा शोध प्रसिद्ध केला. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडशी बसवून बारीक टकटक ऐकवतात आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजतात. काही मिनिटांचे काम. तो आला नाही, तर बेरा नावाच्या चाचणीने मज्जातंतूतील विद्युत्‌संदेश तपासतात. भारतात २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रात काम करते.

यंत्र आणि माणूस

काही केशपेशी शिल्लक असतील, तर श्रवणयंत्र उपयोगी पडते. ते प्रत्येक पट्टीतील आवाज मुलाच्या गरजेप्रमाणे वाढवते. केशपेशी जवळजवळ उरल्याच नसतील, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो. यात शस्त्रक्रियेने शंखात एक बारीक तार बसवतात. तिच्यावरील विद्युत्‌अग्रे केशपेशींना वगळून थेट मज्जातंतूला संदेश देतात. ऑस्ट्रेलियातील ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ साली अनेक विद्युत्‌अग्रे असलेले असे यंत्र एका प्रौढ माणसाच्या कानात बसवले.

पण यंत्र म्हणजे चष्मा नव्हे, की लावला आणि दिसू लागले. मेंदूला त्या आवाजांचा अर्थ लावायला शिकावे लागते आणि त्याला वर्षे लागतात. तेथे आईबाप, आजीआजोबा आणि भावंडे हेच शिक्षक असतात. बाळ जागे असेपर्यंत यंत्र कानावर राहिले पाहिजे. रोज सकाळी आपले तोंड झाकून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी म्हणावेत आणि मूल प्रत्येकाला प्रतिसाद देते का ते पाहावे. एखादा चुकला तर बॅटरी, साचा, यंत्र तपासावे. बाळाचा कान वाढतो, म्हणून श्रवणयंत्राचा कानातला साचा वरचेवर नवा करावा लागतो. जवळ बसून बोलावे, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता एकचतुर्थांश होते. टीव्ही बंद ठेवावा. आणि बोलावे तरी काय? जे चालले असेल तेच. "आता आपण कणीक मळू. पाणी ओतू. अरे, हाताला चिकटली!" भाकरी थापताना, अंघोळ घालताना, बसची वाट पाहताना शेकडो वाक्ये सहज कानी पडतात.

यंत्राचा लाभ न मिळणारी मुलेही असतात. त्यांच्यासाठी, आणि इतरांसाठीही, खुणांची भाषा हा खरा मार्ग आहे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. जन्मापासून खुणा पाहणारी कर्णबधिर बाळे आपल्या बोबड्या बोलांप्रमाणे हातांनी 'बडबड' करतात, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मेंदूला हवी असते ती भाषा. ती कानातून येवो किंवा डोळ्यांतून. मूल भाषेवाचून राहणे, हीच खरी हानी.

तुम्ही काय कराल?

तुमच्या वर्गात श्रवणयंत्र लावणारा मित्र किंवा मैत्रीण असेल, तर त्याच्याशी समोर येऊन, नेहमीच्या आवाजात बोला. एका वेळी एकानेच बोला. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून शिकवू नये, आणि त्या मुलाला पंख्याच्या व खिडकीच्या गोंगाटापासून दूर, पुढच्या बाकावर बसवावे. आणि घरी किंवा शेजारी एखादे बाळ सहा महिन्यांचे होऊनही हाकेच्या दिशेने वळत नसेल, किंवा वर्षाचे होऊनही 'बाबा', 'दादा' असे काही बोलत नसेल, तर थाळी जागेवर ठेवा आणि त्याच्या आईवडिलांना कानाची चाचणी करून घ्यायला सांगा. ऐकू येत असेल तर उत्तमच. नसेल तर त्या बाळाचे काही मोलाचे महिने तुम्ही वाचवलेले असतील.