स्वाक्षरी लहान होऊ लागते तेव्हा...

बँकेच्या व्यवहारात स्वाक्षरीला अनन्यसाधारण महत्त्व आहे. नमुना स्वाक्षरीशी जुळणारी सही ही ग्राहकाची ओळख. न जुळणारी सही ही आम्हा कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने धोक्याची सूचना. परंतु काही वेळा सही बदलते ती लबाडीमुळे नव्हे, तर मेंदूतील एका उणिवेमुळे, हे मला इंदूरच्या एका शाखेत काम करीत असताना उमगले.

एक निवृत्त शिक्षक दरमहा निवृत्तिवेतन काढण्यास येत. त्यांचे अक्षर मोठे, वळणदार. मात्र दोन वर्षांत त्यांची सही बारीक होत गेली. एके दिवशी मी त्यांना तीन वेळा सही करावयास लावली. प्रत्येक वेळी ती अधिकच लहान झाली. मागे रांग खोळंबली होती. अखेरीस ते म्हणाले, "साहेब, हात माझाच आहे, पण तो माझे ऐकत नाही." त्यांना पार्किन्सनचा आजार असल्याचे काही महिन्यांनी त्यांच्या मुलीकडून कळले. त्या दिवसाचा संकोच आजही मनात आहे. त्यातूनच या आजाराविषयीचे माझे वाचन सुरू झाले.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. आपल्याकडे तो 'कंपवात' या नावाने परिचित आहे. मध्यमेंदूतील काळसर रंगाच्या एका भागातील पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. या पेशी नष्ट होऊ लागल्या, की हालचाली मंद होतात आणि लहानही होतात. पाऊल आखूड पडते, आवाज क्षीण होतो, अक्षर आक्रसते. अक्षराच्या या आक्रसण्याला वैद्यकात 'मायक्रोग्राफिया' म्हणतात.

या संशोधनाला भारतीय वनस्पतींचाही संदर्भ आहे. सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडला. याच वनस्पतीतून पुढे रेसरपिन हे औषध मिळाले. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसरपिन देऊन निश्चल झालेल्या सशांना 'डोपा' टोचले, आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपापासून मेंदूत डोपामिन तयार होते. ऑस्ट्रियात ओलेह हॉर्निकिविच व त्यांच्या सहकाऱ्याने १९६० मध्ये, मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची मोठी तूट असल्याचे दाखविले. अमेरिकेतील जॉर्ज कोट्झियास यांनी १९६७ मध्ये तोंडावाटे, हळूहळू मात्रा वाढवीत हा उपचार यशस्वी केला. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. विशेष म्हणजे हेच 'लेव्होडोपा' भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच खाजकुइलीच्या बियांतून वेगळे केले होते! अर्थात, वैद्यकीय सल्ल्याविना या बियांचे सेवन करणे धोक्याचे आहे.

लेव्होडोपा आजही प्रमुख औषध आहे. मात्र ते लक्षणे आटोक्यात ठेवते, आजार थांबवीत नाही. त्याचा प्रभाव दिवसभरात कमी-अधिक होतो. म्हणून सकाळी उत्तम सही करणाऱ्या व्यक्तीचा हात दुपारी अडखळू शकतो.

संशोधनातून हाती आलेली आणखी एक गोष्ट काउंटरवर उपयोगी पडणारी आहे. कागदावर दोन समांतर रेषा आखून दिल्या, किंवा "मोठ्या अक्षरात लिहा" अशी आठवण करून दिली, तर अशा रुग्णांचे अक्षर पुष्कळदा मोठे होते. पट्टी आणि पेन्सिल तर प्रत्येक शाखेत असतेच.

ग्राहकांनीही औषधाचा प्रभाव चांगला असेल अशी वेळ बँकेत येण्यासाठी निवडावी. सही कायमची बदलली असल्यास नवीन नमुना स्वाक्षरी द्यावी. सही करणे अशक्य झाल्यास, रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार दोन साक्षीदारांसमक्ष अंगठ्याचा ठसा चालतो. त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तर वर्षांवरील ग्राहकांना काही मूलभूत सेवा घरपोच देण्याविषयीही रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सूचना दिल्या आहेत.

अक्षर लहान होण्याची कारणे अनेक असतात. रोगनिदान हे डॉक्टरांचे काम. सही पडताळणे मात्र आपले कर्तव्यच आहे, आणि ते पार पाडताना काउंटरपलीकडच्या थरथरत्या हाताला दोन मिनिटे अधिक देणे हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे.