स्वप्न आणि सत्य यांच्यामधलं अंतर: चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोठी स्वप्नं पाहा, सकारात्मक राहा, धीर धरा, घाम गाळा. दहावीच्या गुणगौरव समारंभापासून स्पर्धा परीक्षांच्या क्लासपर्यंत हे सल्ले सगळीकडे ऐकायला मिळतात. यातला एकही सल्ला मुळातून खोटा नाही, पण तो अर्धवट सांगितला जातो आणि त्याची किंमत ऐन उमेदीतल्या तरुणांना मोजावी लागते. मानसशास्त्रात या विषयावर गेली काही दशकं प्रयोग होत आहेत. ते वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: वाटेतली अडचण ओळखून तिची आधीच तजवीज करणाऱ्याचं स्वप्न पुढे सरकतं. मानसिकता, संयम आणि मेहनत या तिन्ही गोष्टी याच कसोटीवर तपासायला हव्यात.

गैरसमज १: यशाचं चित्र मनात रंगवत राहिलं की यश मिळतं

वस्तुस्थिती: गॅब्रिएल ओटिंगेन आणि डोरिस मेयर यांनी जर्मनीत शिक्षण संपत आलेल्या विद्यार्थ्यांचा माग घेतला. त्यांचा हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. मनासारखी नोकरी लागल्याची सुखद दृश्यं जे वारंवार रंगवत होते, त्यांनी पुढच्या दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्याही कमी चालून आल्या आणि पगारही कमी मिळाला. कल्पनेतच यशाची चव मिळाली की अंगातली निकड ओसरते, असं ओटिंगेन यांच्या पुढच्या प्रयोगांतून दिसलं. मग आशाच सोडायची का, असा आक्षेप कुणी घेईल. तसं मुळीच नाही. ‘आपल्याला नोकरी मिळण्याची शक्यता चांगली आहे’ असं ज्यांना वाटत होतं, ते याच अभ्यासात पुढे गेले. असा विश्वास आजवरच्या अनुभवावर उभा असतो, कल्पनारंजनाला तो आधार नसतो. म्हणून ओटिंगेन सुचवतात, की फळ डोळ्यांपुढे आणा आणि लगेच आपल्यातलं काय त्याच्या आड येतं तेही पाहा.

गैरसमज २: प्रेरणा मिळाली की काम आपोआप सुरू होतं

वस्तुस्थिती: ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेला, २००२ सालीच प्रसिद्ध झालेला व्यायामाचा एक प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. एका गटाला विशेष काही सांगितलं नाही. दुसऱ्याला हृदयविकार आणि व्यायाम यांविषयी प्रेरणा देणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्याला तोच मजकूर देऊन, पुढच्या आठवड्यात व्यायाम कधी आणि कुठे करणार हेही लिहून घेतलं. पहिल्या गटातल्या ३८ टक्के, दुसऱ्यातल्या ३५ टक्के आणि तिसऱ्यातल्या ९१ टक्के विद्यार्थ्यांनी खरोखर व्यायाम केला. नुसत्या प्रेरणेने काहीच भर पडली नाही, सगळा फरक वेळ आणि जागा ठरवण्याने पडला. ‘यंदा इतिहास पक्का करायचा’ हा संकल्प झाला. ‘रात्रीच्या जेवणाची भांडी आवरली की फोन दुसऱ्या खोलीत ठेवून खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं आणि दहा पानं वाचायची’ हे नियोजन झालं. त्यात कंटाळा आणि फोन या दोन्ही अडचणींना आधीच उत्तर दिलेलं आहे.

गैरसमज ३: २१ दिवस नेट लावला की सवय लागते

वस्तुस्थिती: हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. तोंडोतोंडी होताना ‘किमान’ गळून गेलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एकेक नवी सवय निवडायला सांगितली. ती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मध्यावरचा आकडा ६६ निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं काही बिघडत नाही, हेही याच अभ्यासात दिसलं. बाविसाव्या दिवशी ‘माझ्यात चिकाटीच नाही’ म्हणून सोडून देणारा माणूस चुकीच्या मापाने स्वतःला मोजत असतो. चुकलेल्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला बसणं, यालाच संयम म्हणायचं.

गैरसमज ४: पुरेशी मेहनत केली की कुणीही काहीही मिळवू शकतो

वस्तुस्थिती: ‘दहा हजार तासां’चा नियम अँडर्स एरिक्सन यांच्या १९९३च्या, बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांवरच्या संशोधनातून उचलला गेला. तिथे दहा हजार तास ही उत्तम वादकांच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या सरावाची सरासरी होती, यशाची हमी नव्हती. एरिक्सन यांचा भर तासांपेक्षा सरावाच्या प्रकारावर होता: जे जमत नाही तेच नेमकं हेरून सुधारायचं. दादासाहेब फाळक्यांचंच पाहा. येशूवरचा चित्रपट पाहून ते भारावले आणि ‘राजा हरिश्चंद्र’ घडला, एवढंच सहसा सांगितलं जातं. त्याआधी जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, छायाचित्रण आणि छपाई यांत त्यांची अनेक वर्षं गेली होती. १९१२ साली लंडनहून ते परतले तेव्हा अडचण भांडवलाची होती. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढेल तसतशी कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपली. पडद्यावर भराभर वाढणारं ते रोप पाहिल्यावर पैसे मिळाले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात चित्रपट लागला.

तरीही परिस्थितीचं काय, हा प्रश्न रास्तच आहे. आत्ता एक मिठाई खाण्याऐवजी थांबून दोन मिळवणारी मुलं पुढे यशस्वी होतात, असं सांगणारा वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. २०१८ साली सुमारे नऊशे मुलांवर तो पडताळून पाहिला. कुटुंबाची स्थिती आणि घरातलं वातावरण हिशेबात धरल्यावर तो संबंध बराच क्षीण झाला. म्हणजे धीर धरणं हेही काही अंशी परिस्थितीतून येतं. म्हणून अपयशी माणसाला आळशी ठरवणं अन्यायाचं आहे, आणि ज्याच्या हाती संधी देणं आहे त्याने ती द्यायलाच हवी. मात्र परिस्थिती बदलेपर्यंत थांबायचं, असा याचा अर्थ काढू नये. आज तुमचं जे स्वप्न असेल त्याच्याखाली तीन गोष्टी लिहा: सर्वांत मोठी अडचण, तिच्यावरचा उपाय आणि उद्या तो कुठे, किती वाजता करणार. आणि उद्या त्या वेळी तिथे हजर राहा.