मिन्याखालचें सोनें

जयपूरच्या जडावाचा हार हातीं आला, तर तो प्रथम उलटा करून पाहावा. पुढच्या बाजूस कोंदणांत हिरेमाणकें असतात; तीं लोकांस दाखविण्यासाठीं. जी बाजू अंगास लागावयाची, तेथें मात्र तांबड्या फुलांची व हिरव्या पानांची मिनेगारी केलेली असते. आमच्या मतें खरी करामत तीच.

मिना म्हणजे रंगीत कांच. निळ्यासाठीं तींत कोबाल्ट घालतात, हिरव्यासाठीं तांबें. ती बारीक खलून, पाण्यांत कालवून, सोन्यांत खोदलेल्या उथळ खळग्यांत भरतात व भट्टींत वितळवितात. एवढ्यानें रंग येतो. तेज येत नाहीं. तें खळग्याच्या तळाशीं असतें. खोदणारा हा तळ सपाट न सोडतां त्यावर बारीक रेघा ओढतो. पारदर्शक मिन्यांतून आंत गेलेला प्रकाश त्या रेघांवरून परततो, आणि दागिना किंचित हलवितांच रंग आंतून चमकूं लागतो. अपारदर्शक मिना कितीही सुबक असो, त्यांत ही मौज नाहीं.

यासाठीं सोनें चोख हवें. त्यांत तांब्याचें हीण फार असल्यास तें भट्टींत काळवंडतें व वरची कांच मळकट दिसते. सगळे रंगही एकदम भाजीत नाहींत. ज्यास अधिक आंच सोसते तो आधीं, आणि नाजूक तांबडा सर्वांच्या शेवटीं. तो क्षणभर जास्त तापला कीं बिघडलाच म्हणून समजावें!

जयपूर वसलें १७२७ सालीं, पण ही विद्या त्याहून जुनी. आमेरच्या राजा मानसिंहानें (१५८९–१६१४) लाहोरहून मिनेगार आणविले, अशी परंपरा आहे. एका दागिन्यास पांच हात लागत: चितारी नक्षी काढी, सोनार घडवी, घडिया खोदी, मिनेगार रंग भरी व जडिया रत्नें बसवी.

असा एखादा जुना जिन्नस घरांत निघतो आणि नातीच्या लग्नासाठीं तो मोडीत घालण्याचें ठरतें. तराजू तर लाख व कांच वजा करून केवळ सोन्याचीच किंमत सांगतो. तेव्हां मोडीचा निर्णय करण्यापूर्वीं घरांतील वडील बायकांनीं तो जिन्नस एकदां उन्हांत धरून, उलटा करून सर्वांस दाखवावा.

कडी तुटली म्हणून गल्लींतल्या सोनाराकडून तिला डाग देऊं नये. फुंकणीच्या झोतानें शेजारचा मिना तडकतो. आणि तो पुन्हां भरावयाचा म्हणजे रत्नें व लाख काढून सबंध दागिना भट्टींत घालणें आलें.