ना राख, ना सफाई! मग तंबाखू गरम करणाऱ्या यंत्रातली घाण गेली कुठे?

जाडसर पेनासारखं एक यंत्र. त्यात सिगारेटपेक्षा आखूड अशी एक कांडी खोचायची, बटण दाबायचं, काही सेकंद थांबायचं आणि झुरके घ्यायचे. काडीपेटी नको, राख नाही. परदेशातल्या मित्राच्या स्टोरीत किंवा एखाद्या रीलमध्ये तुम्हीही हे पाहिलं असेल.

याला म्हणतात हीटेड टोबॅको. हे व्हेप नाही बरं का. व्हेपमध्ये निकोटिनचं द्रव तापतं, तर यात खरीखुरी तंबाखू असते. फक्त ती पेटवायची नाही, तापवायची. पेटलेल्या सिगारेटचं टोक ६०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. या यंत्रात तंबाखू साधारण ३५० अंशांपर्यंत तापवतात.

पण रीलमध्ये एक गोष्ट दिसत नाही. हे यंत्र आतून प्रचंड घाण होतं. आणि ही घाण काढायची कशी, या एका प्रश्नानं गेल्या काही वर्षांत यंत्राची अख्खी रचनाच बदलून टाकली.

तवा करपतो, तसंच

फिलिप मॉरिस कंपनीनं २०१४ मध्ये जपानमधल्या नागोया शहरात 'आयकॉस' बाजारात आणलं. त्याच्या पोटात सिरॅमिकचं एक पातळ पातं होतं. कांडी खोचली की हे पातं तंबाखूत घुसायचं आणि तिला आतून तापवायचं.

कल्पना हुशारीची होती. उष्णता थेट तंबाखूच्या मधोमध पोहोचते, त्यामुळे बॅटरी कमी लागते. पण पोळीचा तवा न घासता रोज वापरला तर काय होतं? तेच इथं झालं. तंबाखूचे कण आणि चिकट अर्क पात्याला धरायचे, पुढच्या कांडीच्या वेळी ते पुन्हा तापायचे, करपायचे आणि काळा थर जाड होत जायचा.

त्यावर उपाय निघाले. कांडी सरळ उपटायची नाही, आधी यंत्राची टोपी वर सरकवायची. म्हणजे टोपीच तंबाखूला पात्यावरून ओरबाडून काढते आणि मग कांडी अख्खी बाहेर येते. टोपी वेगळी करून आतून साफ करता येते. सोबत छोटे ब्रश, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काड्या. पातं आपोआप तापवून थर जाळून टाकायची सोयही दिली गेली. साधारण २० कांड्यांनंतर, म्हणजे एका पाकिटानंतर, सफाई करा असा सल्ला होता.

आता रोज पाकीटभर ओढणारा माणूस रोज हे सगळं करत बसेल? आळस तर आलाच, शिवाय नाजूक पातं. घाईत ब्रश आडवा लागला किंवा कांडी पिरगाळली, की पातं तुटलंच.

ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या 'ग्लो' या यंत्रानं वेगळी वाट धरली. २०१६ मध्ये तेही जपानमध्येच, सेंदाई शहरात आलं. यात पातंच नव्हतं. कांडीभोवतीची नळी तापायची, म्हणजे उष्णता बाहेरून. नळी दोन्ही टोकांना उघडी, खाली छोटं झाकण. झाकण उघडा, बाटली धुतो तसा ब्रश आरपार फिरवा, झालं. दिसायला साधं, पण टिकाऊ उत्तर. सफाई मात्र उरलीच.

घाणीचा प्रश्न फक्त वासाचा नाही

२०१८ मध्ये 'टोबॅको कंट्रोल' या नियतकालिकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. पात्याच्या आयकॉसमध्ये तंबाखू करपल्याच्या खुणा त्यांना दिसल्या. दोन कांड्यांच्या मध्ये यंत्र साफ केलं नाही, तर करपणं वाढत होतं. कांडीतल्या प्लास्टिकच्या पातळ फिल्टरमधूनही तापल्यावर एक विषारी रसायन बाहेर पडत होतं.

म्हणजे 'जळत नाही, फक्त तापतं' हा दावा यंत्र किती स्वच्छ आहे यावरही अवलंबून होता! आणि ही स्वच्छता ठेवायची कुणी? तर वापरणाऱ्यानं.

मग आली इंडक्शन शेगडी

२०२१ मध्ये जपानमध्ये 'आयकॉस इल्युमा' आलं. यातून पातंच काढून टाकलं गेलं. त्याऐवजी धातूची बारीक पट्टी प्रत्येक कांडीच्या आत, तंबाखूच्या मधोमध बसवली. यंत्रातली तारेची गुंडाळी चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि त्यामुळे कांडीतली पट्टी तापते. तुमच्या स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी हेच करते. शेगडी स्वतः तापत नाही, पातेलं तापतं.

कांडीचं पुढचं टोकही बंद केलं, त्यामुळे तंबाखू बाहेर सांडत नाही. करपलेला थर धरतो तो पट्टीवर, आणि पट्टी कांडीसोबत कचऱ्यात जाते. सफाई संपली.

खरं तर संपली नाही, जागा बदलली. आधी एक पातं हजारो कांड्यांना पुरायचं. आता प्रत्येक कांडीसोबत धातूचा एक तुकडा फेकला जातो. कागद, प्लास्टिकचा फिल्टर, वापरलेली तंबाखू आणि धातू, सगळं एकात एक अडकलेलं. हे वेगळं करून रिसायकल करणं सोपं नाही. पट्टीच्या कडा धारदार असतात, म्हणून मुलांनी ती गिळू नये असा इशाराही पाकिटावर द्यावा लागतो. आणि हो, जुन्या कांड्या नव्या यंत्रात चालत नाहीत, नव्या कांड्या जुन्यात चालत नाहीत. सफाई नकोय? मग यंत्रही नवं घ्या. कंपनीसाठी हे काही वाईट नाही.

यंत्र स्वच्छ, पण फुप्फुसं?

इथं बऱ्याच जणांची गफलत होते. यंत्र साफ करावं लागत नाही याचा अर्थ आत जाणारी वाफ स्वच्छ आहे, असा होत नाही. निकोटिन आहेच आणि त्याचं व्यसनही लागतंच. अमेरिकेच्या एफडीएनं २०२० मध्ये आयकॉसला एवढंच म्हणायची परवानगी दिली, की पूर्णपणे सिगारेट सोडून याकडे वळल्यास हानिकारक रसायनांशी येणारा संपर्क कमी होतो. आजाराचा धोका कमी होतो, असं म्हणायची परवानगी दिली नाही.

भारतात काय?

भारतात सिगारेट कायदेशीर आहे, पण हे यंत्र नाही. २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्यात 'हीट नॉट बर्न' उत्पादनंही येतात. आयात, विक्री, वाहतूक किंवा जाहिरात केली, तर पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड.

'नो अ‍ॅश, नो क्लीनिंग' म्हणत रील टाकणाऱ्यांसाठी एक तपशील: या कायद्यातल्या 'जाहिराती'च्या व्याख्येत इंटरनेट, वेबसाइट आणि सोशल मीडियाही आहे.