धडधाकट कोंबडी आणि आपली विळी

जानेवारी २०२१ मध्ये आपल्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला शेकडो कोंबड्या पटापट मेल्या, तेव्हा बर्ड फ्लूचा केवढा धसका घेतला होता सगळ्यांनी! पण मैत्रिणींनो, मेलेली कोंबडी निदान दिसते तरी. आजची गोष्ट आहे ती टुणटुणीत, तुकतुकीत पिसांच्या कोंबडीची.

साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असले जंतू तिच्या आतड्यात सुखाने नांदतात. तिला काही होत नाही. म्हणजे दुकानदार फसवतो असंही म्हणता येत नाही. कापताना ते मांसाला लागतात, इतकंच. ‘आमची गावरान आहे हो,’ असं शेजारीण सांगते, पण गावरान कोंबडीलाही आतडं असतंच ना!

यात नवीन आहे ते या जंतूंचं औषधांना न जुमानणं. कोंबडीनं लवकर वजन धरावं म्हणून खाद्यातून थोडं थोडं अँटिबायोटिक देण्याची प्रथा जगभर पडली. थोड्या औषधाने लेचेपेचे जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. कोलिस्टिन हे तर बाकीची औषधं हरल्यावर काढायचं राखीव औषध, तेही कोंबड्यांना दिलं जाई. त्याला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, हे २०१५ साली चीनमध्ये आढळलं. आपल्याकडे खाद्य-जनावरांसाठी त्यावर बंदी आली जुलै २०१९ मध्ये. उशीरच झाला, असं मला तरी वाटतं.

मग चिकन सोडायचं का? मुळीच नाही. असला चिवट जंतूही आचेपुढे मरतोच. हाडाजवळचा गुलाबीपणा पार जाईपर्यंत शिजवा. (तिखटानं जंतू मरतात ही मात्र समजूतच.) घोळ होतो तो शिजण्याआधी. नळाखाली चिकन धुतलं की शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, म्हणून धुऊच नये हे बरं. त्याच विळीवर काकडी चिरली, तर ती कोशिंबीर कच्चीच पोटात जाणार! तेव्हा कोशिंबीर आधी करून झाकून ठेवा. नंतर विळी, ओटा, हात साबणानं घासा. फ्रिजमध्ये कच्चं मांस डब्यात, सगळ्यात खाली. थंडीनं जंतू मरत नाहीत, नुसते थबकतात.

एवढं करूनही घरात कुणाला जुलाब लागलेच, तर जलसंजीवनी सुरू करा. रक्त पडलं, ताप चढला किंवा मूल लहान असलं तर तडक डॉक्टरांकडे. कपाटातल्या मागच्या खेपेच्या उरलेल्या दोन गोळ्या मात्र देऊ नका. कोंबडीच्या खाद्यात जे झालं, तेच मग मुलाच्या पोटात होतं.