न्यून, सम आणि अधिक : गुरुत्वाकर्षणाखालील कक्षांचे आकार

पेर्गा येथील ग्रीक गणिती अपोलोनियस याने शंकूच्या तीन छेदांना जी नावे दिली, त्यांचे मूळ अर्थ अनुक्रमे न्यूनता, बरोबरी आणि आधिक्य असे होतात. मराठीत या वक्रांस विवृत्त, अन्वस्त आणि अपास्त म्हणतात. या नामकरणामागे केवळ क्षेत्रफळांची तुलना होती. वक्रावरील बिंदूपासून अक्षावर टाकलेल्या लंबाचा चौरस एका विशिष्ट आयतापेक्षा कमी आहे, त्याच्याइतका आहे की अधिक आहे, एवढाच प्रश्न होता. या आयताची एक बाजू ठरावीक असते व दुसरी शिरोबिंदूपासून मोजलेले अक्षावरील अंतर असते. ग्रहगतीशी या नावांचा काहीही संबंध नव्हता. तथापि सुमारे एकोणीस शतकांनंतर न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'त (१६८७) हेच तीन वक्र गुरुत्वाकर्षणाखालील कक्षा म्हणून सिद्ध झाले.

सूर्याभोवतीच्या वस्तूची गतिज ऊर्जा सूर्याच्या ओढीतून सुटण्यास अपुरी असेल, तर ती वस्तू विवृत्तात बांधलेली राहते. वर्तुळ हा त्याचाच एक विशेष प्रकार होय. ती ऊर्जा नेमकी पुरेशी असेल तर अन्वस्त आणि अधिक असेल तर अपास्त संभवतो. पृथ्वीच्या अंतरावर सुटकेसाठी सेकंदाला सुमारे ४२ किलोमीटर वेग हवा. पृथ्वीचा वेग सुमारे ३० किलोमीटर आहे. येथे न्यूनाधिक्याचा मेळ योगायोगाचा नाही. अपोलोनियसचा चौरस ज्या पदामुळे आयतापेक्षा उणा किंवा अधिक ठरतो, त्या पदाचे आणि एकूण ऊर्जेचे चिन्ह एकच असते.

विवृत्ताचा विस्तार ऊर्जेवरून ठरतो. त्या ऊर्जेला ते किती लांबट व्हावे, हे कोनीय संवेगावर अवलंबून असते. पृथ्वीच्या कक्षेची उत्केंद्रता ०.०१७, तर हॅलीच्या धूमकेतूची ०.९६७ आहे. २०१९ मध्ये आढळलेल्या बोरिसोव्ह धूमकेतूची उत्केंद्रता सुमारे ३.३६ भरली, अर्थात तो परत येणारा नाही.

परंतु ऊर्जेच्या न्यूनतेवरून वस्तू बांधलेली आहे एवढेच कळते. तिचा मार्ग पुन्हा स्वतःस येऊन मिळेलच, असे त्यावरून ठरत नाही. कक्षेत दोन आवर्तने चालू असतात : सूर्यापासूनचे अंतर घटते-वाढते आणि सूर्याभोवती प्रदक्षिणा होते. बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर या दोहोंचा काल तंतोतंत समान येतो आणि कक्षा मिटते. १८७३ मध्ये बर्त्राँ याने दाखविले की, प्रत्येक बद्ध कक्षा मिटावी असे केंद्रगामी बलाचे नियम दोनच आहेत : हा एक, आणि बल अंतराच्या सम प्रमाणात असण्याचा दुसरा. इतर नियमांखाली मार्ग सामान्यतः फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे सरकत राहतो.

म्हणूनच अत्यल्प सरकणेही महत्त्वाचे ठरते. बुधाचा उपसूर्यबिंदू सरकतो आणि इतर ग्रहांच्या ओढीने त्याचा पूर्ण उलगडा होत नाही, हे १८५९ मध्ये ल व्हेरिए याने निदर्शनास आणले. हा शेष शतकाला सुमारे ४३ विकला आहे. या गतीने एक फेरा पुरा होण्यास सुमारे तीस लक्ष वर्षे लागतील. त्याच्या स्पष्टीकरणार्थ एक अज्ञात ग्रहही कल्पिण्यात आला, पण तो सापडला नाही. अखेर १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने हा शेष नेमका मिळवून दिला. कक्षेच्या नावावरून वस्तूच्या ऊर्जेची स्थिती समजते. परंतु ज्या नियमाने ती बांधलेली आहे त्याची परीक्षा, कक्षा कितपत मिटते यावरूनच होते.